गच्चीवरचे चार थर

कुठल्याही घराची गच्ची पाहायला गेलो की मी आधी चपला काढायचो. घरमालकाला वाटायचं, माणूस फारच सालस दिसतो. खरं कारण वेगळं आहे. सकाळी सहाच्या सुमारास, ऊन चढायच्या आत, अनवाणी चाललं की आतली ओल तळपायाला कळते. नागपूरच्या मे महिन्यात कोरडी गच्ची पहाटेसुद्धा कोमट असते. जिथं खाली पाणी मुरलेलं आहे तिथं पाय पडला की गार लागतं. आता यासाठी यंत्रं निघाली आहेत, भिंतीला टेकवायची आणि आकडा वाचायचा. माझ्याकडेही एक आहे. पायानं पाहून झालं की मग ते काढायचो, गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

तीस वर्षांच्या वर मी या शहरात गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग केलं. माझे वडील गोळीबार चौकाकडे हातमागावर लुगडी विणायचे. माग थांबले तेव्हा आमच्या घरातले कोणी दुकानात लागले, कोणी हिंगण्याच्या कारखान्यात. मी बांधकामावर गेलो. तिथं कोबा शिकलो, आणि मग आयुष्यभर लोकांच्या डोक्यावर काम केलं.

कोबा म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लॅबवर विटांचे तुकडे एकाला एक लावून बसवायचे, मधल्या फटींत सिमेंटचा पातळ माल ओतायचा, वर जाड माल पसरून घोटून काढायचा. हे करताना उतार साधायचा, शंभर इंच चाललं की एक इंच खाली, म्हणजे पाणी आपसूक कोपऱ्यातल्या पाइपाकडे जातं. कठडा आणि गच्ची जिथं मिळतात तो कोपरा काटकोनात ठेवायचा नाही, गोलाई द्यायची. शेवटी ओल्या मालावर ताणलेली दोरी दाबून चौकोन आखायचे, कारण आमच्याकडे दुपारी पंचेचाळीस अंशांत तापलेल्या गच्चीवर अचानक सर आली तर ती तडकते. तडा जायचाच असेल तर त्या रेघेतून जावा. बाकीचे लोक फूटभराचा चौकोन आखतात. मी नऊ इंचांचा आखायचो. विणकराचा मुलगा, दोरी हातात आली की जरा बारीकच काम करावंसं वाटायचं.

एवढं सगळं करूनही फोन यायचे. लोकांना वाटतं पाणी जिथून पडतं तिथंच वर भोक असतं. रामदासपेठेत एका वकिलांकडे गेलो होतो. त्यांचं छत फक्त उन्हाळ्यात गळायचं. पावसाळ्यात अगदी ठणठणीत. माझ्या आधी दोघांनी गच्ची उकरून नवी केली होती, तरी मे महिना आला की दिवाणखान्यातल्या पंख्याच्या हुकातून टपटप सुरू. वकीलसाहेबांनी मला समोर बसवून उलटतपासणीच घेतली.

"पाऊस नाही, ढग नाही, मग पाणी येते कुठून? सांगा."

"साहेब, मले अर्धा तास गच्चीवर बसू द्या."

"बसून काय होणार?"

"काहीच नाही झालं तर उठून जाईन."

गच्चीवर पत्र्याच्या सावलीत बसलो. दिवाणखान्यापासून दोन खोल्या पलीकडे लोखंडी घोडीवर मोठा कूलर होता, गच्चीवरून खाली झरोक्यातून हवा सोडणारा. दहा मिनिटांनी त्याच्या टाकीच्या काठावरून बारीक धार सुटली. नळाचा तरंगता गोळा अडकला होता. टाकी भरली तरी पाणी थांबत नव्हतं. ती धार घोडीच्या पायाशी टाइलखाली शिरत होती, विजेच्या पाइपाला लागत होती आणि त्या पाइपातून चालत चालत पंख्याच्या हुकापर्यंत जात होती. पावसाळ्यात कूलर बंद, म्हणून गळती बंद. मी गोळा हलवून दाखवला. वकीलसाहेब त्या गोळ्यावर वाकले आणि म्हणाले, "म्हणजे दोन वेळा माझी गच्ची निष्पाप असताना फोडली गेली."

ही गोष्ट मी पुष्कळांना हसत सांगितली आहे. दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगत नाही. ती आज लिहून काढतो.

सहा वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये बोंद्रे साहेबांचा फोन आला. ते सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, हिंगणा रोडकडच्या एका सहा फ्लॅटच्या इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष. आवाजात अजून खात्याची जरब होती.

"पराते का? आमची गच्ची गळून राहिली. वरून एक चांगला थर टाकून द्या, विषय संपवा."

पत्त्यावर पोचलो आणि जिना चढता चढता माझ्या लक्षात आलं की मी इथं आधी आलेलो आहे. चौदा-पंधरा वर्षं झाली असतील. तेव्हा अध्यक्ष दुसरे होते. बोंद्रे साहेबांना ते माहीत नव्हतं, आणि मीही बोललो नाही. माझ्यासोबत फुलबासन होती. ती राजनांदगावकडची, माझ्याबरोबर वीस-बावीस वर्षं कोब्याचं काम करणारी. नागपुरात इतकी वर्षं काढूनही तिच्या बोलण्यात तिकडचे शब्द राहिलेच. तिच्या हातात नेहमी लोखंडी सळीचा वीतभर तुकडा असे. त्यानं फरशी ठोकून ती आवाज ऐकायची आणि कुठं पोकळ आहे ते सांगायची. माझा पाय आणि तिचा कान, यावर आमचा धंदा चालला.

गच्चीच्या दाराशीच मी थबकलो. माझ्या आठवणीत त्या दारातून गच्चीवर यायला एक पायरी उतरावी लागायची. आता उंबरठ्यावरून पाय वर उचलून चढावं लागत होतं. कठडा माझ्या गुडघ्याच्या जरासा वर. मधोमध पाण्याचं डबकं, कडेनं शेवाळ. चार दिवस पाऊस नव्हता.

मी कठड्यापासून कठड्यापर्यंत दोरी ताणली. कडेला दोरी आणि जमीन यांच्यात जेवढं अंतर, त्याहून मधात टीचभर जास्त.

"उतार बिघडला असंल," बोंद्रे म्हणाले. "मधात माल टाका, समान करा."

"साहेब, मधात माल टाकला की वजनही मधातच येईल. आधी खाली काय आहे ते पाहतो."

"पाहायचं काय त्यात? गच्ची आहे."

"एक फुटाचा खड्डा करतो फक्त."

त्यांना ते पटलं नाही, पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते जिन्याकडे गेले. फुलबासननं छिन्नी लावली. वर चिनी मातीच्या टाइलचे पांढरे तुकडे, त्याखाली चार बोटं माल. तो निघाला तेव्हा खाली घोटलेला करडा कोबा दिसला आणि त्यावर रेघा. फुलबासननं हातानं धूळ बाजूला केली. एक पूर्ण चौकोन उघडा झाला. तिनं त्यावर आपला पंजा पसरून ठेवला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, आणि माझ्याकडे पाहिलं.

"भैय्या," ती हळूच म्हणाली, "हे तर आपलंच हाये."

नऊ इंच. मला मोजायची गरज नव्हती.

त्याखाली आणखी एक कोबा निघाला, डांबर फासलेला, आणि अगदी तळाशी इमारतीच्या वेळचा चुन्याचा. एकूण चार थर, सव्वा फुटाच्या जवळपास. खड्डा झाल्यावर पाच मिनिटांत त्याच्या तळाशी पाणी जमलं. माझ्या थराखालून ते झिरपत येत होतं. म्हणजे मी जेव्हा कोबा टाकला तेव्हाच खालचा थर पाण्यानं भरलेला होता, आणि मी त्यावर झाकण घातलं होतं.

तो दिवस मला आठवला. जूनचा पहिला आठवडा होता, पश्चिमेला ढग चढत होते, शहरात आणखी तीन गच्च्या अर्धवट पडल्या होत्या. फुलबासननं सळी ठोकून म्हटलं होतं, "नीचे ओला हाये भैय्या, उकरून पाहू ना." उकरायचं म्हणजे दोन दिवस जाणार, मलबा खाली न्यायचा, वाळायला वेळ द्यायचा. मी म्हटलं होतं, "टाक तू. वरून पक्कं करू." जुना थर काढल्याशिवाय नवा टाकायचा नाही हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मीच दुसऱ्यांना शिकवायचो.

स्लॅब म्हणजे बैल नव्हे, की ओझं जड झालं तर मान टाकून सांगेल. तिची अवस्था खालूनच कळते. आम्ही जिना उतरलो.

सगळ्यात वरच्या मजल्यावर, डबक्याच्या बरोबर खाली, घाटे काकू राहत होत्या. पोस्टातून निवृत्त, सत्तरीच्या, बारीक अंगाच्या. त्यांचे यजमान चार वर्षांपासून अंथरुणावर होते. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. त्यांचा पलंग आतल्या खोलीत खिडकीशी होता, कारण तिथून कडुनिंबाचं झाड दिसायचं. त्या खोलीला पांढरंशुभ्र पीओपीचं छत होतं. डाग दिसू नयेत म्हणून सहा-सात वर्षांपूर्वी लावून घेतलेलं. एका कोपऱ्यात पिवळी कड उमटली होती.

"काकू, हे पीओपी एका जागी उघडून पाहावं लागेल."

"आत्ता? ह्यांच्या अंगावर धूळ पडेल नं."

"पलंग बाहेरच्या खोलीत घेऊ."

बोंद्रे दारात उभे होते. "अहो पराते, काम गच्चीचं आहे. तुम्ही लोकांच्या खोल्यांत काहून घुसून राहिले?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. म्हणाल्या, "एक विचारू का? हे गेल्या दोन महिन्यांपासून डावा हात वर करून दाखवतात. सारखे. मी पंखा कमी करते, वाढवते, बंद करते. तरी चिडतात. डॉक्टर म्हणाले, असं होतं म्हणून."

घाटे काका पलंगावरून माझ्याकडेच पाहत होते. डावा हात चादरीवर होता. तो त्यांनी उचलला, बोट वर केलं.

मी घोडीवर चढलो. पीओपीचा एक चौकोन करवतीनं कापला, दोन्ही हातांनी धरून सावकाश उतरवला. तो इतका जड लागला की माझा तोल जाता जाता राहिला. त्याच्यावर स्लॅबचं प्लास्टर पडलेलं होतं, थाळीएवढे तुकडे. मी डोकं आत घालून बॅटरी मारली. खोलीभर तेच. प्लास्टर सुटून पीओपीवर साचलेलं, वर सळया उघड्या, गंजून पापुद्रे सुटलेल्या. खिडकीकडच्या भिंतीपासून दारापर्यंत तडा गेलेला, ज्यात माझी किल्ली सहज शिरली. रोज दिवसभर त्या खोलीत पडून असलेल्या माणसाला वर काहीतरी सुटून पडल्याचा आवाज येत होता. बाकीच्यांना टीव्ही, मिक्सर, रस्ता. त्यांना तेवढाच आवाज होता, आणि तो सांगायला त्यांच्याजवळ एक हात होता.

मी खाली उतरून काकूंना बॅटरी दिली. त्या घोडीच्या दोन पायऱ्या चढल्या, पाहिलं, उतरल्या. पलंगाच्या कडेला बसून त्यांनी नवऱ्याचा तो वर केलेला हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही हे सांगत होता होय? आणि मी पंखा लावत बसले."

हात खाली आला.

"काकू, यांना आत्ताच्या आत्ता इथून हलवायचं आहे," मी म्हटलं. "बाहेरच्या खोलीत नको. खालीच न्यायचं."

"कुठे खाली? चार वर्षांत हे या खोलीबाहेर गेले नाहीत."

तेवढ्यात आवाज ऐकून तळमजल्यावरचे शेंडे वर आले होते. हिंगण्याला कारखान्यात पाळीवर जाणारा माणूस, त्या दिवशी सुट्टीमुळे घरी. मला नंतर कळलं की ते गच्चीच्या मीटिंगला कधीच यायचे नाहीत. गच्ची वरच्यांची, आपला काय संबंध, असं त्यांनी सोसायटीला लेखी दिलं होतं. त्यांनी दारातून वर पाहिलं, ते भगदाड पाहिलं, आणि म्हणाले, "काकाले आमच्या हॉलमधी ठेवा. मी तं दिवसभर पाळीवर राहतो, बायको आहे घरी."

प्लास्टिकच्या खुर्चीला चादर बांधून चौघांनी काकांना दोन मजले उतरवलं. पुढच्या दोन पायांना शेंडे आणि मी, मागे फुलबासन आणि एक शेजारी. प्रत्येक वळणावर शेंडे म्हणायचे, "काका, थांबलो बरं का. घाबरू नका." बोंद्रे साहेब मागून काकांची उशी घेऊन येत होते.

संध्याकाळी पार्किंगमध्ये सगळे जमले. मी परिस्थिती सांगितली: वरचं सगळं ओझं काढायचं, स्लॅबची दुरुस्ती करायची, पूर्ण वाळू द्यायची, मग हलक्या पद्धतीचं वॉटरप्रूफिंग. तोवर वरचे दोन्ही फ्लॅट रिकामे. कुरबुर सुरू झाली. एकानं विचारलं, "पण हे एवढे थर टाकले कोणी? त्याले धरा ना."

फुलबासन माझ्या मागे मालाच्या पालथ्या तगारीवर बसली होती. तिनं मला सांभाळून घेतलं असतं, ती एक शब्द बोलली नसती. मी गप्प बसलो असतो तर कोणालाच कळलं नसतं.

"वरून दुसरा थर माझा आहे," मी म्हटलं. "तेव्हा खाली ओल होती. या बाईनं मला सांगितलं होतं. मी उकरलं नाही."

मग बोंद्रे साहेब उसळले. "मग सकाळपासून काहून नाही बोलले? आणि आता तुमच्याच हातात आम्ही पुन्हा इमारत देऊ? मी उद्याच दुसऱ्याला बोलावतो."

त्यांनी बोलावलाही. एक तरुण गृहस्थ आला, मोबाइलवर रंगीत चित्रं दाखवली, म्हणाला, काही काढायची गरज नाही, वरून रबरासारखा लेप मारतो, दहा वर्षं पाहायचं काम नाही. अर्ध्या लोकांना ते आवडलं. मला हे घाटे काकूंनीच नंतर सांगितलं. शेंड्यांच्या हॉलमध्ये बसून त्यांनी त्या गृहस्थाला एकच गोष्ट विचारली, "तुम्ही माझ्या खोलीत जाऊन खालून पाहिलं का?" त्यानं पाहिलं नव्हतं. मग त्या बोंद्रे साहेबांना म्हणाल्या, "परात्यांनी टाकलं, त्यांच्याच हातानं काढवून घ्या. आपण फसवले गेलो हे त्यांनीच सांगितलं ना आपल्याला?"

चौथ्या दिवशी बोंद्रे साहेबांचा फोन आला. "या," एवढंच म्हणाले.

मी एका इंजिनीअर बाईंना घेऊन गेलो. स्लॅब उभी राहील की नाही हे सांगायचा अधिकार माझा नाही, तो त्यांचा. अशा वेळी गवंडी आणि कोबेवाले आपणच सगळं ठरवतात, आणि तिथंच घात होतो. बाईंनी हातोडीनं ठोकून, सळया मोजून सांगितलं की स्लॅब वाचेल, पण आधी खालून टेके द्या. आणि टेके फक्त वरच्या मजल्यावर देऊन चालणार नव्हतं. वरच्या खोलीतलं ओझं मधल्या मजल्याच्या स्लॅबवर गेलं असतं. म्हणून त्याच्याखाली त्याच रेषेत पुन्हा टेके, थेट जमिनीपर्यंत. प्रत्येक मजल्यावर लोखंडी खांब उभे राहिले. शेंड्यांच्या हॉलमध्ये काकांच्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना दोन आले. शेंड्यांच्या बायकोनं त्यातल्या एकावर काकांचा टॉवेल वाळत घातला.

मग थर काढणं. यंत्र लावलं असतं तर काम लवकर झालं असतं, पण हादऱ्यानं तडा वाढला असता. सगळं छिन्नी-हातोडीनं. मधून सुरुवात करायची, दोन्ही बाजूंनी सारखं सारखं काढायचं, आणि काढलेला मलबा गच्चीवर एक तासही साठवायचा नाही, लगेच खाली. पावसाची उघाड पाहून काम, सर आली की बांबूवर ताडपत्री. माझा कोबा काढायला सगळ्यात जास्त दिवस लागले. चांगला घोटलेला होता. फुलबासन छिन्नी मारता मारता म्हणाली, "काम तर अच्छा केला होता भैय्या आपण." तिनं ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. त्यामुळे मला ते जास्त लागलं.

दुरुस्ती झाल्यावर लोकांना वाटलं, आता लेप मारा आणि मोकळे करा. मी थांबवलं. ओल्या स्लॅबवर काहीही लावलं तरी आतली वाफ उन्हात फुगून त्याला उचलते. दसरा गेला, दिवाळी गेली. रोज ऊन पडलं की ताडपत्री काढायची, संध्याकाळी घालायची. बोंद्रे साहेब सकाळी फिरायला जाण्याआधी गच्चीवर येऊ लागले. एकदा मी पाहिलं, ते चपला काढून उभे होते. मला पाहून म्हणाले, "आम्ही धरणाच्या भिंतीतून झिरपणारं पाणी रोज मोजायचो. घरच्या गच्चीचं कधी सुचलं नाही."

शेवटी पातळ माल देऊन उतार साधला, कोपऱ्यांना गोलाई दिली, जाळीचं कापड घालून लेपाचे तीन हात दिले, वर उन्हाला परतवणारा पांढरा थर. सगळं मिळून पूर्वीच्या दहाव्या हिश्श्याएवढंही वजन नाही. पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत चार बोटं पाणी भरलं आणि तीन दिवस ठेवलं. ही परीक्षा मी प्रत्येक कामाला घ्यायचो. घाटे काकूंनी आपल्या रिकाम्या खोलीत जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत वर्तमानपत्रं अंथरली आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वर चढून ती तपासली. चौथ्या दिवशी त्यांनी ती गोळा केली, घडी घातली आणि म्हणाल्या, "पाणी सोडा आता."

त्यांनी पीओपी पुन्हा लावू दिलं नाही. नुसता चुना मारला. काकांना आम्ही वर आणलं तेव्हा शेंड्यांनी पाळी बदलून घेतली होती. पलंगावर ठेवल्यावर काका बराच वेळ वर पाहत राहिले. सगळ्या खोलीचं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे होतं. मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली, कडुनिंबाकडे.

ते त्यानंतर दीड वर्षानं गेले. आपल्याच खोलीत. काकूंनी मला कळवलं होतं.

फुलबासन आता गावी गेली, नातवंडांत. माझे गुडघे तीन मजले चढू देत नाहीत, म्हणून मी धंदा आवरला. एक खंत राहिली आहे. त्या जूनमधल्या बाकीच्या तीन गच्च्यांवरही मी उकरून पाहिलं नव्हतं. घाटे काकूंच्या कामानंतर मी त्या शोधल्या. एक इमारत पाडून तिथं नवी झाली होती. दुसरीत ओल निघाली, लोकांनी वेळेवर काढून घेतलं. तिसरीच्या मालकानं मला फाटकातूनच परत पाठवलं, आमचं गळत नाही म्हणाला. मी अजून दर पावसाळ्यात त्या रस्त्यानं जातो आणि बाहेरून त्या छताच्या कडेची रेषा पाहतो.

घाटे काकू मात्र दर आठवड्याला गच्चीवर जातात. पंचाहत्तरी ओलांडली, तरी झाडू घेऊन. गेल्या वर्षी सोलरच्या पट्ट्या बसवणारे आले, त्यांनी ड्रिल मशीन काढलं, तेव्हा काकू दारात उभ्या राहिल्या आणि मला फोन लावून मशीनवाल्याच्या कानाला धरला. पट्ट्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभ्या राहिल्या, एक भोक न पाडता.

परवा सकाळी पुन्हा त्यांचा फोन आला, व्हिडिओचा. पांढऱ्या गच्चीवर ऊन होतं.

"पराते, पाइपाच्या जाळीत पिंपळाचं रोप होतं. दोन पानांचं. उपटलं मी."

"मुळासकट आलं का, काकू?"

"थांबा, दाखवते."

चित्र हललं, आभाळ दिसलं, मग त्यांचा सुरकुतलेला तळहात. त्यावर ते रोप आडवं ठेवलेलं होतं. दोन तांबूस पानं, आणि पानांहून लांब, केसासारखं पांढरं मूळ. त्यांनी तळहात फोनच्या अगदी जवळ आणला, मला नीट दिसावं म्हणून.

मूळ शेवटपर्यंत आलं होतं. टोक तुटलेलं नव्हतं.